ग्लॅम्पिंग पॉड की टूरिंग? ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लॅम्पिंग, म्हणजे आयत्या सोयींचं कॅम्पिंग, बरं की आपला निवारा सोबत नेणं, असे प्रश्न उन्हाळा जवळ आला की ठरल्यासारखे येतात: मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या फाटकाशी, पुण्याहून आई-बाबा येणार असले की जरा जास्तच. म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत. पौंडांचे आकडे हिशेब कसा मांडायचा ते दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या साइटचा आणि तुमच्या तारखांचा भाव त्यांच्या जागी घालून बघा.

१. पॉडमध्ये नक्की काय मिळतं? पवनेच्या कॅम्पिंगसारखं जेवण धरून असतं का?

नाही, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. पवना तलावाकाठी माणशी दर असतो, त्यात संध्याकाळचा चहा, भजी, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे येतात. ब्रिटनमध्ये भाडं पॉडचं असतं, एका रात्रीचं. जेवण तुमचं तुम्ही बघायचं.

साधा पॉड म्हणजे कमानीच्या छताची, आतून उबदार अशी लाकडी खोली. दिवा, हीटर, एक-दोन प्लग आणि झोपायला गाद्या किंवा नुसता लाकडी ओटा. टॉयलेट आणि शॉवर साइटच्या सामाईक इमारतीत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या ग्रेट लँगडेलला नॅशनल ट्रस्टच्या साइटवर असे पॉड आहेत, वायएचए (यूथ हॉस्टेल असोसिएशन) या संस्थेच्या काही वसतिगृहांच्या आवारातही आहेत. याच्या वरचा वर्ग म्हणजे आत टॉयलेट, शॉवर आणि छोटं स्वयंपाकघर असलेला पॉड. त्याचं भाडं साध्याच्या दीडपट ते दुप्पट असू शकतं. जाहिरातीत दोघांनाही ‘पॉड’च म्हणतात. त्यामुळे फोटो बघून ठरवू नका, सोयींची यादी वाचा.

२. आणि टूरिंग म्हणजे कॅरव्हॅनच ना?

फक्त कॅरव्हॅन नाही. आपला निवारा सोबत नेऊन साइटवर जागा, म्हणजे पिच, भाड्याने घेतली की ते टूरिंग. त्यात तंबू आला, गाडीमागे ओढायची कॅरव्हॅन आली, कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली व्हॅन) आणि मोटरहोम (तिच्याहून मोठं, चाकांवरचं घर) हीही आली. या चौघांचं अर्थकारण पूर्ण वेगळं आहे. ‘टूरिंग परवडतं का?’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं ते त्यामुळे.

३. थेट सांगा, स्वस्त काय पडतं?

वर्षाला किती रात्री बाहेर राहणार, ते आधी मोजा. सगळं त्यावर ठरतं. लोक पॉडच्या ११० पौंडांची तुलना पिचच्या ३५ पौंडांशी करतात आणि कॅरव्हॅन बघायला जातात. ती तुलनाच चुकीची आहे, कारण कॅरव्हॅन वर्षभर उभी राहूनही पैसे खाते.

समजा, जुनी कॅरव्हॅन ९००० पौंडांना घेतली आणि पाच वर्षांनी ५००० ला विकली. म्हणजे घसारा वर्षाला ८०० पौंड. घरासमोर जागा नाही म्हणून ती स्टोरेजला ठेवायची, त्याचे ५००. विमा २००. वार्षिक तपासणी आणि किरकोळ दुरुस्ती २५०. एकही रात्र बाहेर न काढता १७५० पौंड गेले.

वर्षाला १० रात्री गेलात तर रात्रीमागे १७५ आणि पिचचे ३५, म्हणजे २१० पौंड. त्यात बरं हॉटेल मिळतं. ३० रात्री गेलात तर तेच ९३ वर येतं. आत टॉयलेट असलेल्या ११० पौंडांच्या पॉडशी बरोबरी व्हायला या हिशेबात वर्षाला साधारण २४ रात्री लागतात. साध्या, ७० पौंडांच्या पॉडशी बरोबरी करायला ५०. कॅरव्हॅन ओढताना जास्त लागणारं इंधन यात धरलेलंच नाही.

आता आपली कुटुंबं बघा. वर्षाच्या रजेतला मोठा भाग भारतात जाण्यासाठी राखलेला असतो. उरतो एखादा आठवडा आणि दोन-तीन लाँग वीकेंड, फार तर १२ ते १५ रात्री. एवढ्यासाठी कॅरव्हॅन विकत घेऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. दोघांपैकी एक निवृत्त असेल किंवा तुम्ही आठवड्यातून चारच दिवस काम करत असाल, तर गोष्ट वेगळी.

आणि तंबू? तो या हिशेबात सगळ्यांना हरवतो. तंबू, गाद्या, स्लीपिंग बॅग, शेगडी असं ७०० पौंडांचं सामान पाच वर्षं, वर्षाला १० रात्री वापरलं तर रात्रीमागे १४ पौंड. पिच ३० चं धरलं तरी एकूण ४४. मे ते सप्टेंबर तंबू आणि एप्रिल-ऑक्टोबरच्या थंडीत पॉड, ही जोडी बहुतेक कुटुंबांना सगळ्यात चांगली परवडते.

४. कॅम्परव्हॅन विकत न घेता आठवडाभर भाड्याने घेतली तर?

पैसे वाचवायचे म्हणून घेत असाल तर नको. दिवसाचं भाडं १२० आणि पिच ३५ धरली तरी १५५ झाले, वर डिझेल. पॉड बहुतेक वेळा याहून स्वस्त.

पण रोज नव्या ठिकाणी मुक्काम करायचा असेल, तर तिला तोड नाही. इन्व्हरनेसहून निघून पुन्हा इन्व्हरनेसला येणारा ५१६ मैलांचा नॉर्थ कोस्ट ५०० पॉडमध्ये राहून करायचा, तर अडचण येते: बऱ्याच साइट्स सुट्टीच्या दिवसांत एका रात्रीचं बुकिंग घेतच नाहीत, किमान दोन-तीन रात्री मागतात. उलट एकाच जागी राहून आसपास हिंडायचं असेल, तर कॅम्परव्हॅन गैरसोयीची. दूध आणायला जायचं तरी अंथरूण गुंडाळा, भांडी बांधा, वायर काढा, मग निघा. कॅरव्हॅन किंवा पॉड असेल तर ते जागेवर राहतं आणि गाडी मोकळी असते.

५. पॉडच्या भाड्यात न दिसणारे खर्च कोणते?

पांघरुणं आणि उशा बऱ्याच ठिकाणी आपल्याच न्यायच्या असतात. त्या भाड्याने घेतल्या तर माणशी पैसे. शेकोटीसाठी काही ठिकाणी साइटवरचंच लाकूड घ्यावं लागतं. कुत्रा, दुसरी गाडी, लवकर चेक-इन, काही ठिकाणी स्वच्छता, यांचे वेगळे पैसे लागू शकतात. बुकिंगच्या शेवटच्या पानावरचा एकूण आकडा रात्रींनी भागा आणि त्याचीच तुलना करा.

माणसांची संख्याही नीट बघा. ‘चार जणांसाठी’ लिहिलेल्या पॉडमध्ये पुष्कळदा एक डबल बेड आणि एक सोफा-बेड असतो. सोफा उघडला की चालायला जागा उरत नाही. दोन लहान मुलं असतील तर निभतं. किशोरवयीन मुलं आणि आजी-आजोबा असतील तर दोन पॉड लागतात, आणि मग कॉटेज स्वस्त पडतं का हेही तपासायला हवं.

६. शाळेच्या सुट्टीत भाव दुप्पट होतात. काही मार्ग?

इंग्लंडमधल्या शाळेतून मुलांना सुट्टी नसताना विनापरवानगी नेणं हा मार्ग नव्हे. ऑगस्ट २०२४ पासूनचा दंड प्रत्येक पालकाला, प्रत्येक मुलामागे १६० पौंड आहे, २१ दिवसांत भरला तर ८०. दोन पालक आणि दोन मुलं म्हणजे कमीत कमी ३२० पौंड, आणि शाळा बुडते ती वेगळीच.

खरा उपयोग होतो तो स्कॉटलंडच्या वेळापत्रकाचा. तिथल्या शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा भरतात, तेव्हा इंग्लंडमध्ये अजून दोन आठवडे सुट्टी असते. ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात स्कॉटलंडच्या साइट्स बघा. त्या दिवसांत संध्याकाळी मिजेस, म्हणजे चावणारी बारीक चिलटं, असतात. वाऱ्याची, समुद्रालगतची साइट निवडली तर त्रास बराच कमी होतो.

इंग्लंडमध्येच राहायचं असेल तर शेतकऱ्यांची कुरणं शोधा. जुलै २०२३ पासून तिथे वर्षातले ६० दिवस, ५० पिचपर्यंतची तात्पुरती साइट पूर्ण नियोजन परवानगीशिवाय चालवता येते. त्यामुळे उन्हाळ्यात अशा पुष्कळ जागा उघडतात. सोयी मोजक्याच असतात, पण भाव बरा असतो. ही सवलत तंबू आणि कॅम्परव्हॅनसाठी आहे, ओढायच्या कॅरव्हॅनसाठी नाही.

७. आम्ही शाकाहारी आहोत, मुलांना वरणभात लागतो. पॉडमध्ये स्वयंपाक होतो का?

होतो, पण आधी विजेचं गणित समजून घ्या. साइटवरचं कनेक्शन बहुधा १० किंवा १६ अँपिअरचं असतं. २३० व्होल्टला १० अँपिअर म्हणजे २३०० वॅट, १६ म्हणजे ३६८० वॅट. घरातली किटली एकटीच ३००० वॅटपर्यंत घेते. पॉडचा हीटर चालू असताना ती लावली की खटका पडतो, आणि रात्री अकराला वॉर्डनला उठवायची वेळ येते. सुमारे १००० वॅटचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर आणि कमी वॅटची कॅम्पिंग किटली न्या. एका वेळी एकच उपकरण लावा. वरणभात, खिचडी, मटकीची उसळ एवढ्यावर निवांत होतात.

साध्या पॉडमध्ये आत शिजवायला पुष्कळ ठिकाणी मनाई असते, बुकिंगआधी विचारा. फोडणीचा वास लाकडात दिवसेंदिवस राहतो, आणि धुराचा अलार्म छताजवळच असतो. फोडणी घरूनच करून बाटलीत नेली तर सोपं जातं. मेतकूट, दाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, दशम्या हे पदार्थ आपल्याकडे प्रवासासाठीच घडले आहेत, त्यांचा उपयोग करा. ऑक्टोबरच्या सुट्टीत दिवाळी जवळ असेल तर फराळाचा डबा न्या. शेजारच्या पॉडमधल्या मुलांशी ओळख व्हायला चकली पुरते.

तंबूत किंवा कॅरव्हॅनमध्ये गॅसवर शिजवणार असाल तर सिलिंडरचा प्रकार बघा. निळ्या सिलिंडरमधला ब्युटेन तापमान शून्याच्या आसपास गेलं की नीट बाहेर येत नाही. थंडीत लाल सिलिंडरमधला प्रोपेन लागतो.

आता एक गोष्ट, जिच्यात तडजोड नाही. शेगडी किंवा बार्बेक्यू ऊब म्हणून तंबूत, पॉडमध्ये, कॅरव्हॅनला जोडलेल्या व्हरांड्यासारख्या बंद कनातीतही (ऑनिंग) आणू नका. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेत माणसं दगावली आहेत. बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म स्वस्तात मिळतो, तो सामानात असलाच पाहिजे.

८. आई-बाबा येणार आहेत, दोघंही सत्तरीचे. त्यांना काय झेपेल?

आत टॉयलेट असलेला पॉड. दुसरा विचार करू नका. गुडघे दुखत असताना रात्री दोनदा उठून, ओल्या गवतावरून, टॉर्च धरून सामाईक टॉयलेटपर्यंत जाणं ही सुट्टी नव्हे. तंबूत जमिनीवरून उठणं त्याहून कठीण. कॅरव्हॅनमध्ये टॉयलेट असतं, पण त्याची टाकी रोज-एक दिवसाआड साइटच्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करावी लागते, आणि आई-बाबांना त्याचाच संकोच वाटत राहतो.

बुक करताना तीन गोष्टी विचारा: दाराशी किती पायऱ्या आहेत, गाडी दारापर्यंत जाते का, आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी उतरता येतं का. पुष्कळ पॉडमध्ये पलंग भिंतीला टेकलेला असतो, आतल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरून यावं लागतं. इथे जास्तीचे ४० पौंड मोजले तर ते सार्थकी लागतात. प्रश्न ३ मधला हिशेब या वेळी बाजूला ठेवा.

९. कॅरव्हॅन ओढायला वेगळं लायसन्स लागतं का?

इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, वेगळी परीक्षा लागत नाही. उत्तर आयर्लंडला हा बदल लागू नाही.

परीक्षा नाही म्हणून शिकू नये असं नाही. मध्ये दुभाजक नसलेल्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यावर (ड्युअल कॅरेजवे) आणि मोटरवेवर ६०. तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन तुम्हाला बंद. कॅरव्हॅन गाडीपेक्षा रुंद असेल तर जादा आरसे लावणं कायद्याने सक्तीचं. दोन्ही मोठ्या क्लबांचे (प्रश्न १२ बघा) टोइंगचे, म्हणजे कॅरव्हॅन ओढायला शिकवणारे, वर्ग आहेत. रिव्हर्स घ्यायला तिथेच शिका, साइटवर सगळे बघत असताना नव्हे.

नव्यांसाठी आणखी एक सल्ला सगळीकडे दिला जातो: भरलेल्या कॅरव्हॅनचं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, पण वाऱ्याच्या झोताने कॅरव्हॅन डोलायला लागली की त्याचं मोल कळतं.

१०. आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. चालेल?

गाडीच्या कागदपत्रांत ओढण्याची क्षमता लिहिलेली असते, ती आधी बघा. काही इलेक्ट्रिक गाड्यांना ओढायची परवानगीच नाही. परवानगी असली तरी कॅरव्हॅन लावल्यावर एका चार्जमध्ये जाणारं अंतर निम्म्यावर येऊ शकतं, आणि पुष्कळ चार्जिंग जागांवर कॅरव्हॅन सोडवून ठेवल्याशिवाय गाडी लावता येत नाही. पॉड निवडलात तर यातलं काहीच आड येत नाही. फक्त पॉडच्या प्लगवरून गाडी चार्ज करू नका, बहुतेक साइट्सना ते चालत नाही आणि वायरिंगलाही झेपत नाही.

११. तरीही कॅरव्हॅन घ्यायचीच आहे. जुनी घेताना काय बघू?

ओल. बाकी सगळं नंतर. खिडक्यांचे कोपरे, छताचे सांधे आणि पलंगाखालचे कप्पे दाबून बघा. मऊ लागलं किंवा कुबट वास आला तर सोडून द्या. ओलीची मोजणी केलेला ताजा अहवाल मागा. टायरची नक्षी चांगली दिसली तरी वय बघा: पाच वर्षांनंतर बदलावेत, सातच्या पुढे तर नाहीच. कॅरव्हॅनवर कर्ज बाकी नाही ना, ती चोरीची नाही ना, हे सीआरआयएस या कॅरव्हॅनांच्या नोंदणीवरून तपासता येतं.

ओढायच्या कॅरव्हॅनला एमओटी (वाहनाची सक्तीची वार्षिक तपासणी) आणि रोड टॅक्स नाही. मोटरहोमला दोन्ही लागतात.

१२. क्लबचं सदस्यत्व घ्यावं का?

पॉडमध्येच राहणार असाल तर गरज नाही. टूरिंग करणार असाल तर बहुधा पहिल्या काही मुक्कामांतच वर्गणी वसूल होते. कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब १९०१ पासूनचा, कॅरव्हॅन अँड मोटरहोम क्लब १९०७ पासूनचा. तंबूवाल्यांना पहिला जास्त सोयीचा, कारण दुसऱ्याच्या बऱ्याच साइट्सवर तंबू घेत नाहीत. खरा फायदा आहे तो सदस्यांसाठीच्या छोट्या जागांचा, जिथे एका वेळी पाचच कॅरव्हॅन किंवा मोटरहोम उभ्या राहतात. सफरचंदाची बाग, मेंढ्या, एक नळ आणि शांतता. अनेक ठिकाणी टॉयलेट नसतं, ते तुमच्या गाडीत हवं.

१३. कॅम्परव्हॅन असेल तर वाटेत कुठेही फुकट मुक्काम करता येतो ना?

नाही. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने मोकळ्या रानात तंबू टाकायचा हक्क दिला आहे, पण तो पायी किंवा सायकलने, म्हणजे मोटरशिवाय जाणाऱ्यांना. गाडीत झोपणाऱ्यांना तो लागू नाही, आणि लॉक लोमंडच्या काही काठांवर मार्च ते सप्टेंबर तंबूलाही परवाना लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये जमीनमालकाची परवानगी लागते. अपवाद डार्टमूरचा. तिथल्या सामाईक माळांवर तंबू टाकण्याचा हक्क मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला, पण तोही पाठीवर सामान नेणाऱ्यांसाठीच, आणि ठरवून दिलेल्या भागांत. तेव्हा कॅम्परव्हॅनच्या हिशेबात पिचचे पैसे धराच.

१४. लेक डिस्ट्रिक्ट किंवा हायलँड्सच्या रस्त्यांवर कॅरव्हॅन जाते का?

मुख्य रस्त्यांवर जाते. हार्डनॉट आणि रायनोज या घाटांत नेऊ नका, तिथे चढ तीनास एकपर्यंत जातो. ॲपलक्रॉसच्या बेलाख ना बा घाटाच्या पायथ्याशी तर कॅरव्हॅन न नेण्याचा फलकच आहे. फोनवरच्या किंवा कारमधल्या नेहमीच्या नकाशाला तुमच्या गाडीमागे कॅरव्हॅन आहे हे कळत नाही. मार्ग साइटच्या पानावर दिलेला असतो, तोच धरा. पॉडवाल्यांना हे सगळे घाट मोकळे. अशा मुलुखात पॉडचं पारडं जड होतं ते त्यामुळेही.

१५. बुकिंग रद्द केलं तर १४ दिवसांच्या नियमाने पैसे परत मिळतात का?

नाही. ऑनलाइन खरेदीला मिळणारी ती मुदत ठरलेल्या तारखांच्या मुक्कामाला लागू होत नाही. साइटच्या स्वतःच्या अटीच चालतात, आणि पॉडच्या अटी पिचपेक्षा बहुधा कडक असतात. व्हिसाची तारीख नक्की नसताना आई-बाबांसाठी बुक करायचं असेल, तर तारीख बदलून देणारी साइट निवडा, दोन पैसे जास्त गेले तरी.

१६. भाऊ भारतातून येतोय. त्याला कॅम्परव्हॅन चालवता येईल?

कायद्याने, वैध भारतीय लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचं वाहन तो १२ महिने चालवू शकतो. पण भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे वय, लायसन्सची वर्षं आणि देश यांबाबत स्वतःचे नियम असतात, आणि काही जण भारतीय लायसन्स घेत नाहीत. पैसे भरण्याआधी लेखी होकार घ्या. तुम्ही इथे राहायला आला असाल, तर तुमचे १२ महिने रहिवासी झाल्या दिवसापासून मोजले जातात. ते संपले असतील, तर भारतीय लायसन्स दाखवून गाडी चालवणं बेकायदा आहे.

१७. आम्ही हॅरोला राहतो. जुनी डिझेल कॅम्परव्हॅन स्वस्तात मिळतेय, घेऊ?

डिझेल इंजिन युरो ६ या प्रदूषण-मानकाचं नसेल तर थांबा. २९ ऑगस्ट २०२३ पासून यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचं शुल्क घेणारा विभाग, लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (स्थानिक प्रशासनाच्या विभागांत) आहे. अशी ३५०० किलोंच्या आतली गाडी ज्या दिवशी रस्त्यावर काढाल, त्या दिवशी १२ पौंड ५० पेन्स. सुट्टीला निघताना एकदा, परत येताना एकदा, एमओटीला नेताना पुन्हा. घरासमोर नुसती उभी असेल तर काही लागत नाही. विक्रेत्याकडून गाडीचा नंबर घ्या आणि ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या पानावर घालून बघा, दोन मिनिटांत कळतं. शुल्क लागणारी निघाली, तर पेट्रोल युरो ४ किंवा त्यापुढची शोधा, किंवा ती लंडनबाहेरच्या स्टोरेजला ठेवून तिथूनच निघता येतं का ते बघा. स्टोरेजचं भाडं प्रश्न ३ मधल्या हिशेबात मिळवायला मात्र विसरू नका.